वाघ विकणे आहे!

वीकेंडला काढलेला फोटो कुणी भिंतीवर लावायला मागितला, की खरी पंचाईत सुरू होते. साइट कुठली निवडायची, पैसे कुठे येणार आणि प्रिंट पोचणार कशी? मोहर्लीच्या गेटपासून सिरोंचापर्यंतची ही चाचपणी.

प्रत्येक ऑफिसात एक तरी असा नमुना असतोच. सोमवारी सकाळी डोळे तांबारलेले, बुटांना लाल माती, गळ्यात आयडी कार्ड आणि मोबाइलवर कॅमेऱ्यातून घाईघाईनं उतरवलेला वाघ. ‘कालचाच आहे!’ असं म्हणत तो कॉफी मशीनपाशी एकेकाला गाठतो. लेन्सचे हप्ते अजून फिटायचे असतात आणि ‘एवढ्यात सोफा आला असता’ हे वाक्य घरी आठवड्यातून एकदा तरी होतंच. आमच्या मजल्यावरचा तो नमुना म्हणजे अस्मादिक. गाव चंद्रपूर, नोकरी नागपुरात, मिहानमध्ये. पहाटे तीनला गाडी काढायची आणि उजाडायच्या आत मोहर्ली गाठायचं, हा आपला वीकेंड.

इथवर सगळं मजेत चालतं. भानगड होते ती कुणी तरी ‘व्वा!’ म्हणायच्या ऐवजी ‘केवढ्याला?’ म्हणतं तेव्हा. मला हे पहिल्यांदा विचारलं माझ्या डेंटिस्टनं, तेही माझ्या तोंडात ड्रिल असताना. त्यांना क्लिनिकच्या वेटिंग रूमसाठी पाणवठ्यावरचा वाघ हवा होता, वीस बाय तीस इंच. अट एकच, वाघानं दात दाखवलेले नकोत!

लाइक फुकट असतो राव, प्रिंट फुकट नसते. कागद कुठला, रेट काय, अ‍ॅडव्हान्स मागायचा का, रंग आवडले नाहीत तर परत घ्यायची का... एका फोटोमागे अठरा मेसेज. आणि एकदा डेंटिस्टनं घेतला, की त्यांच्या साडूला हवा असतो. मग माणूस रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडतो आणि फोटोग्राफर लोकांसाठी प्रिंट विकणाऱ्या साइट्स शोधायला लागतो. सगळ्यांचं म्हणणं एकच: तुम्ही फक्त फोटो टाका, बाकी आमच्यावर सोडा. कसलं भारी वाटतं!

माझ्या जोडीला या शोधात आणखी एक उमेदवार होता. मोहर्लीच्या बाजूचा माझा एक गाईड मित्र. ड्यूटीवर असताना त्याचा कॅमेरा घरी असतो. सुटीच्या दिवशी बफरमध्ये, इरई धरणाच्या बॅकवॉटरला आणि जुनोन्याच्या तळ्यावर तो फिरतो. कॅमेरा सेकंडहँड, सोळा मेगापिक्सेलचा, पण नजर अशी की माझी सगळी महागडी सामग्री झक मारते. माझ्यासाठी ही विक्री म्हणजे लेन्सचा हप्ता. त्याच्यासाठी ती जुलै ते सप्टेंबर आहे. ताडोबाचं कोअर पावसाळ्यात तीन महिने बंद असतं. बफर चालू असतं, पण गर्दी ओसरते आणि गाईडचा नंबर क्वचित लागतो. त्या तीन महिन्यांत घरात काय येणार, हा त्याचा प्रश्न.

शिवाय त्याच्याकडे गिऱ्हाईक माझ्यापेक्षा पक्कं. सफारीत कोअरमध्ये मोबाइल वापरायला बंदी आहे. म्हणजे पुण्या-मुंबईहून आलेल्या जोडप्यानं वाघ बघितला, अंगावर काटा आला, आणि बाहेर येताना हातात आठवण काहीच नाही. त्यांना फोटो हवाच असतो. तोही त्याच वाघिणीचा, जमलं तर त्याच रस्त्यावरचा.

डॉलरवाली दुकानं

आधी मोठ्या नावांकडे बघू. स्मगमग ही कॅलिफोर्नियातली बाप-लेकांनी २००२ मध्ये काढलेली कंपनी. २०१८ मध्ये तिनं फ्लिकर विकत घेतलं, तेव्हा आपल्याकडेही बऱ्याच जणांना तिचं नाव कळलं. फाइन आर्ट अमेरिका २००६ पासूनची. पिक्सिसेट कॅनडाची, लग्नाचे फोटोग्राफर तिच्यावर फिदा आहेत, कारण गॅलरी देखणी दिसते. झेनफोलिओही याच पंगतीतली.

यांचा फंडा साधारण सारखा. तुम्ही फोटो चढवायचे, त्यांनी ठरलेल्या लॅबमध्ये छापून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर थेट पाठवायचे. लॅबची किंमत ठरलेली, तिच्यावर तुमचा मार्जिन तुम्ही ठरवायचा. समजा, छपाई वीस डॉलरची आणि तुम्ही प्रिंट पन्नासला लावली. नफा झाला तीस. स्मगमगचा अनेक वर्षांचा हिशेब असा, की त्या नफ्यातले पंधरा टक्के त्यांचे आणि पंच्याऐंशी टक्के तुमचे. म्हणजे साडेचार डॉलर गेले, साडेपंचवीस उरले. वर वर्षाची वर्गणी वेगळी. इतरांचंही असंच वर-खाली: काही जण फुकट खातं देतात आणि विक्रीवर कमिशन कापतात, काही जण वर्गणी घेतात आणि कमिशन सोडतात. वर्षाला पाच प्रिंट विकणाऱ्यानं पहिला प्रकार घ्यावा, पन्नास विकणाऱ्यानं दुसरा. एवढं गणित कॅन्टीनच्या टिशू पेपरवरही होतं.

मग अडतं कुठे? अडतं ते डेंटिस्टपाशी! या साइट्सच्या लॅब अमेरिकेत आणि युरोपात. माझा डेंटिस्ट धरमपेठेत. ताडोबाचा वाघ, नागपूरची भिंत आणि मध्ये प्रिंट अटलांटिक ओलांडून येणार, वर कुरियर आणि कस्टम. वाघाला तेवढा प्रवास वाघनखांच्या काळातसुद्धा घडला नसेल.

पैशांचं आणखीच त्रांगडं. बऱ्याच साइट्स पेपॅल किंवा स्ट्राइपवर चालतात. पेपॅलनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले. परदेशातून पैसे यायला ते चालतं, पण नागपूरहून चंद्रपूरला नाही. स्ट्राइपनं २०२४ पासून भारतात नवी खाती निमंत्रणावरच उघडायचं ठरवलं. आणि डेंटिस्टला काय हवं आहे? क्यूआर कोड. भाजीवाल्याकडे आहे तसला.

म्हणून ही दुकानं वाईट असं मात्र अजिबात नाही. ताडोबाला परदेशी पाहुणे येतात. लंडनला परत गेलेल्या पाहुण्याला प्रिंट हवी असेल, तर ती लंडनजवळच छापली जाणं यासारखं सुख नाही. आपण इथून ट्यूबमध्ये गुंडाळून पाठवा, ती तिकडे चेपून पोचणार, मग ई-मेलवर माफीनामे! अमेरिकेतल्या मावसभावाच्या घराला भेट द्यायची असली तरी हेच. त्या गिऱ्हाइकांसाठी मी एक परदेशी गॅलरी ठेवली आहे आणि ती सोडणार नाही. पण माझ्या दहातली आठ गिऱ्हाइकं विदर्भातली, नाही तर पुण्याची. गाईड मित्राची तर दहाच्या दहा. सर्व्हिस निवडताना आपण फीचर्सचा तक्ता करतो, स्टोरेज किती, टेम्प्लेट किती. आधी फक्त एवढं लिहून काढा, की गेल्या वर्षी कुणी कुणी ‘केवढ्याला?’ विचारलं आणि ती माणसं राहतात कुठे. अर्ध्या साइट्स तिथंच गळतात.

‘पयसे कुठं जमा होऊन रायले?’

मी उत्साहानं सगळं स्क्रीनवर दाखवत होतो. स्लाइड शो, झूम, कार्ट, बिलिंग. माझा मित्र शांतपणे चहा पीत ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, ‘साइट चांगली आहे जी. पन पयसे आधी कुठं जमा होऊन रायले, ते सांगा न भाऊ.’

हा प्रश्न त्याला का सुचला, ते चंद्रपूरच्या माणसाला सांगायला नको. ताडोबाच्या सफारीचं ऑनलाइन बुकिंग एका खासगी एजन्सीकडे होतं. पर्यटक पैसे भरायचे ते आधी एजन्सीकडे, मग तिथून ताडोबाच्या फाउंडेशनकडे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातले १२ कोटी १५ लाख रुपये फाउंडेशनला मिळालेच नाहीत, अशी पोलिसांत तक्रार झाली आणि काही काळ बुकिंगच ठप्प पडलं. खरं-खोटं कोर्टात ठरेल. पण गेटवर पोट असलेल्या प्रत्येकाला त्या दिवसांत एक गोष्ट कळली: काउंटर कुणाचा, गल्ला कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मग आम्ही प्रत्येक सर्व्हिसला हेच विचारायला लागलो. गिऱ्हाइकानं पैसे भरल्यावर ते किती दिवस तुमच्याकडे? किमान किती साठले की सोडणार? गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता मला मिळणार, की तुमच्याकडेच राहणार? हा शेवटचा प्रश्न भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. काही प्रिंट-ऑन-डिमांड साइट्सवर तुमचा वाघ कुणाच्या भिंतीवर गेला, हे तुम्हाला कधी कळतच नाही. ‘एक प्रिंट विकली गेली, अभिनंदन!’ एवढाच मेल. ज्यानं एक घेतली तोच दुसरी घेतो, हा धंद्याचा पहिला नियम. त्याचा पत्ताच नसेल, तर दिवाळीला कॅलेंडर कुणाला पाठवणार?

आणि साइट बंद पडली तर? हसू नका. फोटोग्राफरांचे फोटो साठवून विकायला मदत करणारी डिजिटल रेलरोड ही न्यूयॉर्कची कंपनी ऑक्टोबर २००८ मध्ये बुडाली, तेव्हा लोकांना फोटो काढून घ्यायला चोवीस तास दिले होते. चोवीस तास! इथं आमच्या मित्राच्या गावात नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. कोडॅकसारख्या कोडॅकनं आपली ऑनलाइन गॅलरी २०१२ मध्ये गुंडाळली. तेव्हा मूळ फाइल्स दोन हार्ड डिस्कवर, एक घरी आणि एक दुसऱ्याच्या घरी. माझ्या मित्राची दुसरी डिस्क माझ्या कपाटात असते, माझी त्याच्याकडे.

देशी जुगाड, पण पक्का

आपल्याकडे काय आहे? बंगळुरूची कॅनव्हेरा लग्नाचे अल्बम करणाऱ्या फोटोग्राफरांना चांगली ठाऊक आहे. फोटो छापून घरी पाठवणाऱ्या इतरही आहेत. पण ‘माझ्या नावाचं दुकान, माझा मार्जिन, रुपयात पैसे, छपाई आणि पोच तुमची’ असं सगळं एका ताटात वाढलेलं आम्हाला आमच्या बजेटमध्ये सापडलं नाही. तेव्हा आम्ही ताट स्वतःच मांडलं.

गॅलरी एका साइटची, फक्त दाखवायला. पिक्सिसेटसारख्या साइट्सवर ‘छापून मीच पाठवीन’ असा पर्याय असतो. तो घेतला की परदेशी लॅब मध्ये येत नाही. पैशांसाठी पेमेंट लिंक: इन्स्टामोजो, रेझरपे वगैरे मंडळी ही सोय देतात. कंपनीला किंवा रिसॉर्टला विकताना लिंक आणि बिल बरं पडतं. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाला सरळ यूपीआय. छपाई नागपूरच्या लॅबमध्ये आणि पोचवायला स्पीड पोस्ट. चार ठिकाणी चार गोष्टी, थोडं धावपळीचं आहे. पण यातलं कुठलंही एक बंद पडलं तर उरलेली तीन चालू राहतात.

एक कायद्याची खुट्टी आहे, ती बघून ठेवा. प्रिंट ही वस्तू. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकताना छोट्या उलाढालीला जीएसटी नोंदणीतून सूट आहे. पण दुसऱ्या राज्यात वस्तू विकायची, तर साधारण नियम असा, की उलाढाल लहान असली तरी नोंदणी लागते. हैदराबादच्या मित्राला कौतुकानं वाघ पाठवण्याआधी अर्धा तास सीएसोबत बसा. आम्ही तूर्त राज्याची हद्द ओलांडलेली नाही.

शेपटी कुठाय?

आता जरा बारकावे, कारण गिऱ्हाईक साइट बघत नाही, प्रिंट बघतं. कुठलीही सर्व्हिस पक्की करायच्या आधी स्वतःचीच एक प्रिंट स्वतःच्या पत्त्यावर मागवा, पैसे भरून. यातून जेवढं कळतं तेवढं शंभर रिव्ह्यू वाचून कळत नाही.

आम्ही मागवलेल्या चाचणी प्रिंटमध्ये वाघीण आली, शेपटी नाही! गंमत अशी, की आपल्या डीएसएलआरची फ्रेम तीनास दोन असते. तिला आठ बाय बारा, बारा बाय अठरा, वीस बाय तीस हे साइज चपखल बसतात. आठ बाय दहा निवडलं की दोन इंच जातात, आणि कुठले जाणार ते साइटचं सॉफ्टवेअर ठरवतं. चालत्या वाघाचे दोन इंच म्हणजे शेपटी. म्हणून ज्या सर्व्हिसमध्ये विक्रीला ठेवलेले साइज आपल्याला निवडता येतात आणि छापण्याआधी क्रॉप तपासता येतो, तीच घ्या. आम्ही आठ बाय दहा दुकानातूनच काढून टाकलं.

मेगापिक्सेलचा हिशेबही सरळ आहे. माझ्या चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू सहा हजार पिक्सेल. तीस इंचाला छापलं तर इंचाला दोनशे पडतात. तीनशेचा आग्रह हातात धरून बघायच्या प्रिंटसाठी; भिंतीवरच्या वाघाकडे माणूस चार फुटांवरून बघतो. (चार फुटांवरून वाघ बघायची हौस इथंच भागवावी.) मित्राच्या कॅमेऱ्याची लांब बाजू साधारण ४९०० पिक्सेलची. त्यातही वाघ लांब असला की अर्धी फ्रेम कापावी लागते, उरतात २४००-२५००. त्यातून बारा इंच झकास निघतं, वीस इंच ओढून-ताणून. म्हणून त्याच्या दुकानात सगळ्यात मोठा साइज बारा बाय अठरा, तोही निवडक फोटोंचा. डोळे झाकून पोस्टर विकणाऱ्या साइट्स हे सांगत नाहीत. छापून मोकळ्या होतात.

रंगाचं प्रकरण निराळंच. मे महिन्यातला ताडोबा म्हणजे वाळलेलं गवत, बांबू, धूळ आणि त्यात वाघ. सगळा पिवळ्या-तांबूस रंगांचा कारभार. लॅबच्या मशीननं ‘ऑटो करेक्शन’ केलं, की गवत संत्र्यासारखं होतं. नागपूर झालं म्हणून काय झालं! लॅबला ‘करेक्शन नको’ असं सांगायची सोय हवीच आणि फाइल एसआरजीबीमध्ये द्यायची. कागदाबद्दल मला एक गोष्ट नेहमी खुपते. चंद्रपूरपासून हाकेच्या अंतरावर बल्लारपूरची पेपर मिल, आमच्याकडच्या बांबूवर वाढलेली. आणि आम्ही भारीतली प्रिंट काढायची म्हटली की कागद मागवतो जर्मनीच्या हानेम्युलेचा, सुती लगद्याचा. तो आहेच सुरेख, मॅट, मऊ. पण डेंटिस्टला त्याची गरज नाही. वेटिंग रूममध्ये लहान मुलं हात लावतात. तिथं लॅबची साधी मॅट प्रिंट, वर लॅमिनेशन, विषय संपला.

फोटो कुणाचा?

मागच्या वर्षी जंगलाजवळच्या एका रिसॉर्टच्या बोर्डावर माझ्या मित्राला आपलीच वाघीण दिसली. आठ फूट रुंद. कुणी तरी इंटरनेटवरून उचलून मोठी केलेली, इतकी फाटलेली की पट्टे ओळखून तिला ओळखावं लागलं. तो मॅनेजरला भेटला. ‘गूगलवर होता,’ असं उत्तर मिळालं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि या बाबतीत त्यात संदिग्ध काही नाही. स्वतःच्या मनानं काढलेला फोटो काढणाऱ्याचा; हक्क त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. पण त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात एक मेख आहे, जी लग्नाचे फोटो काढणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नसावी असा माझा संशय आहे. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे रिसॉर्टनं तुम्हाला बोलावून, पैसे देऊन त्यांच्या परिसराचे फोटो काढून घेतले, तर ते तुमच्या ऑनलाइन दुकानात प्रिंट म्हणून परस्पर विकता येत नाहीत. आधी दोन ओळींचा करार करा. नवरा-नवरीच्या बाबतीतही तेच: ‘प्रिंट आमच्याच गॅलरीतून घ्यायच्या’ हे लेखी नसेल, तर ते बाहेरून छापून आणणार आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

साइट निवडताना याचा संबंध असा, की गॅलरीत दिसणारी फाइल लहान हवी, वॉटरमार्क हवा आणि क्लायंटच्या गॅलरीला पासवर्ड हवा. हे तिन्ही बहुतेक ठिकाणी मिळतं, फक्त चालू करावं लागतं. मित्राच्या वाघिणीचं पुढे काय झालं? त्यानं मूळ फाइल नेऊन दाखवली आणि बोर्डाचे पैसे नकोत, म्हणाला. रिसेप्शनवर माझ्या प्रिंट विकायला ठेवा. अजून ‘बघू’ चालू आहे.

जिथं प्रिंट जात नाही

गडचिरोलीत हिशेब उलटा होतो. मी तिथं मार्कंड्याची देवळं, वैनगंगेचं पात्र, कमलापूरचे हत्ती, भामरागडचा तीन नद्यांचा संगम असं बरंच काही काढलं आहे. जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणजे देसाईगंज-वडसा. सिरोंचा तिथून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ता बंद, हे तिकडच्यांना पाठ आहे. ‘पाच दिवसांत घरपोच’ लिहिणाऱ्या साइट्सना ते ठाऊक नसतं. मला वाटलं होतं, इथं काही विकलं जाणार नाही. पण गिऱ्हाईक निघालं ते तिथून गेलेलं. बँकेत, दवाखान्यात, शाळेत चार-पाच वर्षं काढून बदली झालेली माणसं. अहेरीला नोकरी केलेल्या एका अधिकाऱ्याला पुण्याच्या फ्लॅटमध्ये प्राणहिता हवी होती. तीन मजले वर, दारं-खिडक्या बंद आणि भिंतीवर नदी! या लोकांसाठी गॅलरीत गावांची नावं मराठीत लिहिली आहेत, कारण ते ‘रिव्हर सनसेट’ शोधत नाहीत, ‘सिरोंचा’ शोधतात.

ताडोबातही नावच चालतं. २०२२ च्या मे महिन्यात मेलेल्या वाघडोहबद्दल लोक अजून विचारतात. माया २०२३ च्या पावसाळ्यापासून दिसली नाही, आणि तिच्याबद्दल तर फार विचारतात.

काही गोष्टी मात्र आम्ही दुकानात ठेवल्या नाहीत. माडिया माणसांचे चेहरे नाहीत. हेमलकशाकडे काढलेले काही पोर्ट्रेट माझे मला आवडतात, पण आपला चेहरा कुणाच्या ड्रॉइंग रूममध्ये टांगला जाणार, हे त्या आजीला मी माडियात समजावू शकत नाही. मग विकायचं कसलं? तिची प्रिंट पासवर्डच्या गॅलरीत आहे आणि कागदावरची एक तिच्या घरी पोचली आहे. फोटोतली जागेची माहिती सगळ्या फाइल्समधून पुसली आहे. जानेवारी २०२५ मध्ये राजुऱ्याकडे वाघांच्या शिकारी टोळीतले लोक पकडले गेले. बछड्यांसकट वाघीण कुठल्या नाल्यात बसते, हे आपल्या जेपेगनं सांगायचं कारण नाही. अपलोड करताना ही माहिती आपोआप काढणारी सर्व्हिस मिळाली तर उत्तम, नाही तर हातानं काढा.

आणि जवळच्या गावांत आम्ही वाघ विकायला जात नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. माझ्या मित्राचे नातेवाईक त्याच पट्ट्यात आहेत. त्याच्या घरात बॅकवॉटरवरच्या पक्ष्यांची प्रिंट आहे, मोहाच्या झाडाची आहे. वाघाची नाही. बायकोनं लावू दिली नाही, असं तो सांगतो आणि पुढे बोलत नाही.

तर सध्याची स्थिती अशी. माझ्याकडे दोन गॅलऱ्या, एक डॉलरची आणि एक रुपयाची. त्याच्याकडे एक गॅलरी, बावीस फोटो, तीन साइज, मोबाइलवर उघडणारी. चहाच्या टपरीवर लॅमिनेट केलेलं रेटकार्ड लावलं आहे, त्यावर त्याच्या बँक खात्याचा क्यूआर. ऑर्डर आली की फाइल मी नागपूरच्या लॅबला देतो, पार्सलवर पत्ता तो सांगतो. जुलैत पहिली ऑर्डर ठाण्याची आली, दुसरी त्याच बाईंच्या बहिणीची. पत्ता आपल्याकडे असल्याचा हा फायदा.

आमचं भांडण आता फ्रेमवरून चाललं आहे. मी म्हणतो, नुसती प्रिंट ट्यूबमधून पाठवावी. काच पोस्टात फुटते आणि फुटलेल्या काचेचा मेल मला येतो. तो म्हणतो, लोक घरी नेऊन ट्यूब माळ्यावर टाकतात, फ्रेम असेल तरच भिंतीवर जाते. चंद्रपूरच्या गोल बाजारात त्यानं एक फ्रेमवाला गाठला आहे, तो काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावून द्यायला तयार आहे. रेट सोमवारी कळणार आहे.